सायकल वाढत्या मापाची नको



मुलीला नवा गणवेश शिवायला टाकताना आपण शिंप्याला काय सांगतो? “भाऊ, जरा वाढत्या अंगाचा शिवा. दोन वर्षं तरी निघाली पाहिजेत.” कपड्याच्या बाबतीत हे शहाणपणाचंच आहे. बाही लांब झाली तर दुमडता येते, खाली टीप घालता येते. पण हीच रीत आपण सायकलीलाही लावतो. आठवीतल्या मुलीसाठी दुकानात गेलो की म्हणतो, “मोठीच द्या, बारावीपर्यंत चालेल.” आता सायकलीला काही टीप घालता येत नाही. ती मोठी असेल तर मोठीच राहते, आणि मुलगी रोज तिच्याशी झगडत शाळेत जाते.

मी तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवते. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं, त्यांच्यानंतर पाना माझ्या हाती आला. दुकानात पंक्चर येतं, तुटलेली चेन येते. पण कितीतरी सायकली अशा येतात की त्यांत मोडलेलं काहीच नसतं. बरोबरची आई सांगते, “हिचे गुडघे दुखतात.” “ही सारखी पडते.” “हिला सायकल जमतच नाही.” मी मुलीला सायकलवर बसायला सांगते. बहुतेक वेळा सायकल चांगली असते आणि मुलगीही चांगली असते, फक्त दोघींचं माप जुळत नसतं.

सायकल मोठी असली की काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. पायडल खाली गेलं की मुलगी पायाची बोटं ताणते, कंबर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकते. तसं तीन-चार किलोमीटर गेलं की मांड्या सीटला घासून सोलवटतात. समोरून ट्रॅक्टर आला, थांबायचं झालं, तर पाय जमिनीला टेकत नाही. मग ती उडी मारते, किंवा सायकलसकट कलंडते. दोनदा पडली की मनात भीती बसते. ती म्हणते, “आई, मी चालतच जाते.” पावसाळ्यात चालणं जमत नाही, शाळेचा एक दिवस बुडतो, मग चार बुडतात. पुढे घरात विषय निघतो की एवढ्या लांबची शाळा कशाला. म्हणून मी म्हणते, सायकलीचं माप ही बारीक गोष्ट नाही, मुलीची शाळा तिच्यावर टिकते.

सायकलीने मुलींच्या शिक्षणात किती फरक पडतो, हे बिहारमध्ये दिसलं. तिथे सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तर हायस्कूलमध्ये नाव घालणाऱ्या मुलींची संख्या वाढली होती आणि मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर कमी झालं होतं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली निवडलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी रक्कम मिळते. आपला तालुका त्यात आहे का, हे शाळेत विचारा. पैसे खात्यावर येतात आणि सायकल आपण निवडतो, तेव्हा माप घेऊनच निवडायला हवी.

मापाची गोष्ट सायकलीइतकीच जुनी आहे. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत पुढचं चाक अवाढव्य आणि मागचं चिमुकलं अशी सायकल असायची. तिला चेन नव्हती, पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं. त्यामुळे माणसाच्या पायाची लांबी बघूनच चाक घ्यावं लागे. लांब पायाचा माणूस मोठं चाक घ्यायचा, आखूड पायाचा लहान. एवढ्या उंचीवर लांब झग्यात चढणार कोण? म्हणून बायका त्या सायकलीपासून लांबच राहिल्या. १८८५ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास सारख्या आकाराच्या दोन चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. आजची आपली सायकल तिचीच नात. पुढे दांडी खाली वाकवून बायकांची सायकल निघाली. सायकल माणसाच्या अंगाप्रमाणे बदलत आली आहे. अंगाने सायकलीप्रमाणे बदलावं, अशी अपेक्षा आपण करायला नको.

आता कामाचं बोलू. दुकानात गेलं की दुकानदार विचारतो, “चोवीस देऊ की सव्वीस?” हा आकडा चाकाचा असतो, इंचांत. त्यावरून सायकलीचा साधारण अंदाज येतो, पण अंगाला बसणारं माप फ्रेमचं. सीटची नळी ज्या उभ्या नळीत जाते, तिची लांबी म्हणजे फ्रेमचं माप. खाली पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून वर नळीच्या तोंडापर्यंत टेप लावायची. सारख्याच सव्वीसच्या चाकाच्या दोन सायकलींत एकीची फ्रेम १८ इंचाची आणि दुसरीची २० इंचाची असू शकते. म्हणून नुसता चाकाचा आकडा विचारून सायकल घेऊ नका.

मुलीला कितीची फ्रेम लागेल, हे घरीच काढता येतं. शिवणाची टेप, एक पाटी आणि पेन्सिल घ्या. मुलीला अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभं करा, पायांत थोडं अंतर. पाटी उभी धरून दोन्ही पायांच्या मधून वर सरकवा, सीटवर बसल्यावर जशी टेकेल तशी जांघेला टेकली पाहिजे. पाटीची मागची कड भिंतीला लागलेली हवी. पाटीच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करा आणि तिथून जमिनीपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. हे झालं पायाचं माप.

आता या मापाचे तीन भाग करा आणि दोन घ्या. पाय ६९ सेंटिमीटर असेल तर तीन भाग केल्यावर एक भाग २३, दोन भाग ४६. म्हणजे फ्रेम ४६ सेंटिमीटरच्या आसपास, इंचांत १८. पाय ७५ असेल तर फ्रेम ५० सेंटिमीटर, म्हणजे २० इंचांच्या जवळ. पाय ६३ असेल तर ४२ सेंटिमीटर, साडेसोळा इंच. हा अंदाज आहे. अर्धा-एक इंच इकडेतिकडे चालतो, पण दोन आकड्यांत अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेमची सीट वर करता येते, मोठी फ्रेम कापता येत नाही.

आता घरातली वडिलांची दांडीची जुनी सायकल घ्या. तिची फ्रेम बहुतेकदा २२ किंवा २४ इंचांची. उलटा हिशेब केला तर २२ इंची फ्रेमला सुमारे ८४ सेंटिमीटरचा पाय लागतो. पाच फुटांच्या आपल्या मुलीचा पाय सत्तरच्या आत-बाहेर असतो. म्हणूनच मुलं दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत ती चालवतात. अंगणात शिकायला ते ठीक आहे, पण दप्तर घेऊन डांबरी रस्त्यावर रोज जायला नाही. दांडीची सायकल घ्यायचीच असेल तर दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहावं. दांडी आणि जांघ यांच्यात निदान दोन बोटं जागा राहायला हवी.

तुम्ही म्हणाल, “अहो पण मुलगी वाढणार, दर वर्षी सायकल कुठून घेऊ?” घ्यायचीच नाही. वाढीची जागा फ्रेममध्ये नसते, सीटच्या नळीत असते. मापाची फ्रेम घ्या, आज सीट खाली ठेवा, आणि मुलगी वाढेल तशी ती वर करा. शिवाय पाळी सुरू झाल्यानंतर मुलींची उंची साधारण दोन-तीन इंचच वाढते, आणि ती सगळी पायांत वाढत नाही. तेवढी वाढ सीटची नळी आरामात सांभाळते.

सीट किती वर करायची? याला टेपही लागत नाही. मुलीला सायकलवर बसवा, तुम्ही सायकल धरा किंवा भिंतीला टेकवा. एक पायडल अगदी खाली न्या. त्यावर तिची टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा, पण टाच गाठायला कंबर झुकायला नको. तसं झालं की सीटची उंची बरोबर. चालवताना आपण पायडलवर टाच ठेवत नाही, तळव्याचा पुढचा भाग ठेवतो, त्यामुळे गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. शाळेला जाताना घालते तीच चप्पल किंवा बूट घालून हे बघा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. या उंचीवर सीटवर बसलेलं असताना दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकत नाहीत, बोटं टेकतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवायचा असतो. नव्याने शिकणाऱ्या मुलीला किंवा बाईला मात्र हे लगेच करायला लावू नका. आधी सीट एवढी खाली ठेवा की दोन्ही तळवे टेकतील. तोल आला, ब्रेक जमले, की दर आठवड्याला बोटभर वर करा. पण शिकून झाल्यावर सीट खालीच ठेवून वर्षभर चालवली, तर गुडघ्याची पुढची बाजू दुखायला लागते. माझ्याकडे येणारी गुडघेदुखी बरेचदा हीच असते. गुडघ्याच्या मागे शिरा ओढल्यासारखं वाटत असेल तर उलट, सीट जास्त वर आहे. सीट बदलून आठ-पंधरा दिवसांतही दुखणं थांबलं नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

सीट वर करताना नळीवरची रेघ बघा. नळीवर आडवी खूण असते, ती कधीच बाहेर दिसता कामा नये. जुन्या नळीवर खूण नसेल तर निदान चार बोटं नळी आत राहू द्या. नाहीतर खड्ड्यात आदळल्यावर नळी वाकते किंवा मोडते. नट आवळल्यावर सीट दोन्ही हातांनी पिळून बघा, हलली नाही पाहिजे. एकाच सायकलवर भाऊ-बहीण दोघं जात असतील तर नळीवर नेलपॉलिशच्या दोन रेघा मारा, एक त्याची आणि एक तिची. ज्याने घेतली त्याने आपल्या रेघेवर सीट आणायची.

पुढची गोष्ट बायका मोठ्याने सांगत नाहीत, पण दुकानात हळूच विचारतात. सायकल चालवल्यावर खाली दुखतं, बधिर होतं, लघवीला आग होते. याला एक कारण म्हणजे सीटचं नाक वर उचललेलं असतं आणि सगळा भार पुढच्या नाजूक भागावर येतो. सीट सपाट हवी. तिच्यावर पट्टी ठेवून बाजूने बघा, कळेल. फार खाली झुकवली तर अंग पुढे घसरतं आणि भार हातांवर येतो, तेही नको. भार बसायच्या दोन हाडांवर यायला हवा. बायकांची ही हाडं बहुधा पुरुषांपेक्षा थोडी जास्त अंतरावर असतात, म्हणून मागे रुंद असलेली सीट त्यांना सोसते. सीट बदलायला फार खर्च नाही. मात्र लघवीची आग सायकल न चालवताही राहिली, तर सीटला दोष देत बसू नका, दवाखान्यात जा.

सीट पुढे-मागेही सरकते. ती कुठे हवी, हे गवंड्याच्या ओळंब्याने कळतं. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधा. सायकलवर बसून दोन्ही पायडल जमिनीला समांतर आणा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडा. तो पायडलच्या मधल्या दांड्याजवळ पडायला हवा. फार पुढे पडला तर सीट मागे घ्या, फार मागे पडला तर पुढे. आपल्या सरळ बसायच्या सायकलींवर दोरा थोडा मागे पडला तरी चालतं.

आता हँडल. हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. हात काठीसारखे ताठ झाले तर रस्त्याचा प्रत्येक दणका खांद्याला आणि मानेला बसतो, हातांना मुंग्या येतात. रोजच्या जाण्यायेण्याला हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर असावं. आपल्या साध्या सायकलींत हँडलच्या मध्यावर वरून एक बोल्ट असतो. तो थोडा सैल करायचा, वर लाकूड ठेवून हातोडीचा हलका ठोका द्यायचा, आतली पकड सुटते आणि हँडल वर घेता येतं. इथेही नळीवर खूण असते, ती बाहेर येऊ द्यायची नाही. आवळून झालं की पुढचं चाक गुडघ्यांत धरा आणि हँडल वळवून बघा. ते घट्ट हवं. हे पहिल्यांदा करताना सायकलवाल्याच्या समोर करा.

ब्रेकचा हात तर नक्की तपासा. हँडल न सोडता मुलीची बोटं ब्रेकवर पोचतात का? लहान हाताला ब्रेक लांब पडतो आणि उतारावर तो वेळेत दाबला जात नाही. बऱ्याच नव्या सायकलींच्या ब्रेकवर बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की ब्रेक हँडलच्या जवळ येतो. सायकलवाल्याकडून करून घ्या.

आता काही मुली शर्यतीतही उतरतात. कोल्हापूरच्या पूजा दानोळे हिने खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदकं मिळवली आहेत. शर्यतीच्या, वाकड्या हँडलच्या सायकलींची मापं सेंटिमीटरमध्ये सांगतात. तिथेही दोन भागांचा हिशेब सुरुवातीला चालतो. पण या सायकलवर अंग पुढे झुकतं, त्यामुळे उंचीइतकीच सीटपासून हँडलपर्यंतची लांबीही महत्त्वाची. कुणाची तरी मोठी जुनी सायकल स्वस्तात मिळाली म्हणून मुलीला देऊ नका. लांबी थोडीच जास्त असेल तर हँडलला धरणारा आडवा तुकडा आखूड घालता येतो. फ्रेमच मोठी असेल तर त्याला इलाज नाही.

आणि मैत्रिणींनो, हे सगळं फक्त मुलींसाठी नाही. तुमच्यापैकी कुणी आशाताई आहेत, कुणी डेअरीला दूध घालतात, कुणी बाजारात भाजी नेतात. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. त्यातल्या काहींना दांडीची सायकलच बरी वाटायची, कारण पुढे दांडीवर मूल बसवता येतं. बघा, त्यांनी सायकल आपल्या कामाच्या मापाने बघितली. तुम्हीही विचार करा. साडी नेसून चढायचं असेल तर वाकलेल्या दांडीची घ्या. चेनला झाकण आणि मागच्या चाकाला जाळी हवीच, म्हणजे पदर-ओढणी आत जात नाही. मागे कॅन लावणार असाल तर कॅन लावून, ओझ्यासकट थांबून-उतरून बघा. रिकाम्या सायकलवर टेकणारा पाय ओझं असताना पुरेलच असं नाही.

शेवटी एक काम सुचवते. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला एक टेप, एक पाटी आणि एक पाना आणा. मुलींना आणि सायकलींना बोलवा. गटाच्या वहीत एक पान काढा. मुलीचं नाव, पायाचं माप, सायकलीच्या फ्रेमचं माप, आणि सीट कुठे ठेवली ते लिहा. दर जूनमध्ये शाळा उघडताना आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजा. एका मुलीला दहा मिनिटं पुरतात. त्या वहीचा आणखी एक उपयोग होईल. एकीची सायकल लहान झाली की वही उघडा, ती कोणाच्या मापाची आहे ते लगेच दिसेल. धाकटीला सायकल मिळेल, थोरलीला नवीसाठी चार पैसे मिळतील. आणि पाना कसा धरायचा ते मुलींना शिकवा. वर्षभर त्यांनाच तो लागणार आहे.

आणि सायकल घ्यायला जाताना मुलीला बरोबर न्या. तिला बसू द्या, दुकानासमोर एक चक्कर मारू द्या, थांबून पाय टेकू द्या. मुलगी घरी आणि बाप दुकानात, अशी सायकल घेऊ नका. चप्पल घेताना पाय बरोबर नेतोच ना आपण?